हिरणदोडीचे जुने नाव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आलापल्लीच्या बाजूला एका खेड्यातील शाळेत मी मास्तर होतो. वर्गातल्या एका मुलाची आई नुकतीच बाळंत झाली होती आणि तिला दूध पुरत नव्हते. जीवंती म्हणजे दोडीचा वेल, आणि तो बाळंतिणीला दूध यावे म्हणून देतात, एवढे मला वाचून ठाऊक होते. शाळेमागच्या कुंपणावर हिरणदोडी चढलेली होती. दोडी ती दोडीच, असे समजून मी तिची मुळे आणि कोवळे शेंडे बांधून मुलाच्या हाती घरी धाडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आजी ती जुडी जशीच्या तशी घेऊन शाळेच्या दारात उभी. तिने एक पान मोडले, पांढरा चीक बोटावर घेतला, आणि म्हणाली, "गुरुजी, हे ते नव्हे. ह्याच्या मुळानं ओकाऱ्या होतेत. फूल पाहिल्याबिगर नाव नोको सांगू."

वर्गासमोर मान खाली घालण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग. म्हातारीचे म्हणणे खरे होते. हिरणदोडीचे मूळ वांती आणणारे आहे, अशी नोंद जुन्या औषधिग्रंथांतही सापडते. पुस्तके चाळताना एक गंमत मात्र हाती लागली. याच रानवेलीचे एक जुने शास्त्रीय नाव 'होया विरिडिफ्लोरा', म्हणजे हिरव्या फुलांची होया, असे आहे. होया म्हणजे शहरातले हौशी लोक कुंडीत जपतात ती मेणासारख्या फुलांची वेल. तिचे नाव आमच्या कुंपणावरच्या वेलीला कसे चिकटले?

त्यासाठी आपल्याला तीनशे वर्षे मागे, मलबारात जावे लागते. तेथील डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्सटरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण ही त्या कामातली जाणती माणसे. या तिघा भटांनी १६७५ साली लिहून दिलेले कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. या ग्रंथात आपली हिरणदोडी 'वट्टकाकाकोडी' या तिकडच्या नावाने आली. कोडी म्हणजे वेल.

पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस धाकट्या लिनियसने तिला रुईच्या गोतात बसविले. १८१० च्या सुमारास रॉबर्ट ब्राउन या इंग्रजी अमदानीतल्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने 'होया' ही नवी प्रजाती मांडली. हे नाव थॉमस हॉय याच्यावरून. हा कोणी सरदार नव्हे; नॉर्थंबरलंडच्या ड्यूकच्या सायन हाउस येथील बागेचा तो मुख्य माळी! हिरणदोडीलाही ब्राउनने याच घरात घेतले. पेशीच्या केंद्रकाला 'न्यूक्लियस' हे नाव देणारा ब्राउन तो हाच. आमरी आणि रुई या कुळांच्या फुलांचा अभ्यास करतानाच १८३१ साली त्याने ते नाव योजले.

पण हिरणदोडी होयाच्या घरात नांदली नाही. १८५७ साली हास्कार्लने तिच्यासाठी 'वट्टकाका' हे मलबारी नावच शास्त्रात परत आणले. कोणी तिला 'ड्रेगिया' म्हणाले, आणि अलीकडे काही अभ्यासक 'स्टेफॅनोटिस' म्हणू लागले आहेत. इतक्या सासरी जाऊनही वेल मात्र आमच्या कुंपणावर होती तेथेच आहे.

मग ओळखावे कसे? खऱ्या होयाची पाने जाड, मांसल. तिच्या पेरांना मुळ्या फुटतात आणि त्या सालीला धरून ती चढते. फुले मेणाची केल्यासारखी, मध्ये लहानशी चांदणी. हिरणदोडीची पाने रुंद आणि पातळ. ती आधाराला पीळ घालीत चढते. फुले हिरवी, लांब देठावर लोंबणाऱ्या झुबक्यांत. शेंगा बहुधा जोडीने. आणि दुधासाठी देतात ती जीवंती, म्हणजे राईदोडी, तिची जुनी साल बुचासारखी भेगाळते, पाने खालून राखी, फुले बारीक पिवळट हिरवी, आणि शेंग बहुधा एकटी, टोकाला चोच असलेली. चीक तिघींनाही येतो. म्हणून चिकावरून निवाडा करू नये. केरळात तर जीवंती म्हणून निराळाच वेल वापरतात. तेव्हा औषधाचे काम जाणत्या वैद्यावरच सोडावे, हे मी आता शिकलो आहे.

होया लावण्याची हौस असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. सह्याद्रीत तिची एक जात, होया वायटी, ओल्या रानातल्या झाडांवर वाढते. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. तेथे ती उन्हात ठेवली तर होरपळते. पूर्वेच्या ओसरीची सावली, विटांचे तुकडे, कोळसा आणि जाड रेती घातलेली मोकळी माती, संध्याकाळचे बेताचे पाणी, एवढे तिला पुरे. फुले गळल्यावर जुना देठ खुडू नये. पुढच्या वर्षी त्याच देठावर पुन्हा फुले येतात. हृदयाच्या आकाराचे एकच पान कुंडीत खोवून विकतात, त्याला मात्र भुलू नये. देठाशी खोडाचा डोळा नसेल, तर ते पान वर्षानुवर्षे हिरवे राहील, पण त्याची वेल होणार नाही.

एका माळ्याचे नाव दोनशे वर्षे जगभरच्या बागांतून फिरते आहे. रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट आणि इट्टी अच्युतन यांची नावे टिकली, कारण त्यांचे शब्द कोणी छापून ठेवले. आमच्या रानात असे जाणते किती होऊन गेले, त्यांची दप्तरी नोंद नाही. त्या आजीचेही नाव मी तेव्हा विचारले नाही. शाळेच्या हजेरीपटात नातवाचे नाव आहे, तिचे नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी हिरणदोडीच्या शेंगा तडकतात आणि त्यांतून रेशमी केसांच्या म्हाताऱ्या उडू लागतात. मुले त्यांच्या मागे धावतात. मी त्यांना आता नाव लगेच सांगत नाही. "थांबा," म्हणतो, "आधी फूल येऊ द्या."