मलकापुरातील घरविक्री : गोताच्या साक्षीपासून मिळकत पत्रिकेपर्यंत

कराडला खेटून, पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या मलकापुरात घरे दोन प्रकारच्या जमिनीवर उभी आहेत. जुनी घरे पांढरीवर, म्हणजे गावठाणात. नवी घरे काळीवर, म्हणजे एके काळच्या शेतात. इथे घर विकताना ज्या चुका होत आल्या, त्यांतल्या बऱ्याच या फरकातून निघतात. खरेदीखताच्या दिवशी त्या फक्त उघड होतात. झालेल्या असतात त्याच्या कितीतरी आधी, नोंदी करायच्या राहून गेल्या तेव्हा.

मराठेशाहीत मिरासी, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काची, जमीन किंवा वतनातला घरठाव विकता येत असे, पण तो एकट्याचा व्यवहार नव्हता. पाटील, कुलकर्णी, भाऊबंद आणि बलुतेदार अशा गोताच्या साक्षीने मिरासपत्र होई. लिहिता न येणाऱ्या कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी काढत. भाऊबंदांना डावलून केलेली विक्री टिकणे अवघड होते, कारण कागदापेक्षा माणसांची साक्ष भारी मानली जाई. आपण विकतो आहोत ते गावाला ठाऊक असले की पुरे, ही विकणाऱ्याची समजूत त्या व्यवस्थेत बरोबरच होती. पुढे व्यवस्था बदलली, समजूत मात्र राहिली.

1848 मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि हा मुलूख मुंबई इलाख्याच्या कायद्यांखाली आला. जमिनीची मोजणी, सर्व्हे नंबर, मुद्रांक, दिवाणी न्यायालय हे सगळे एकापाठोपाठ आले. साक्षीची जागा कागदाने घेतली, पण कागद लिहिणारा बहुधा सावकाराच्या ओळखीचा असे. कर्जापोटी घर-जमीन गहाण टाकायची आणि दस्त मात्र खरेदीचा करून द्यायचा, हा त्या काळातला विकणाऱ्याला सर्वांत महागात पडलेला प्रकार. याला मुदत खरेदी म्हणत. पैसे फेडले की मिळकत परत, ही अट तोंडी राही. मुदत टळली की सावकार कागद दाखवी. 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे जाळली, ती अशाच कागदांवरच्या रागातून.

त्यानंतर आलेला 1879 चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्याने करून द्यायचे दस्त गावपातळीवरच्या निबंधकासमोर व्हावेत, अशी त्यात तरतूद होती. पुढे तर दस्तावर खरेदी असे लिहिले असले तरी मूळ व्यवहार गहाणाचा होता का, हे तपासण्याची मुभा न्यायालयांना मिळाली. 1929 च्या दुरुस्तीने संपत्ती हस्तांतरण कायद्यात उलट दिशेने पेच आवळला : परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण धरला जाणार नाही. तोंडी भरवशावर खरेदीखत करून देणाऱ्याचा त्याने जवळजवळ सगळा आधार काढून घेतला. हातउसन्या पैशांसाठी ‘नावापुरते’ खरेदीखत करून देण्याची रीत त्यानंतरही बंद पडली नाही, हे नवल नाही. गरज असते तेव्हा माणूस अट लिहून मागत नाही.

संपत्ती हस्तांतरणाचा हा मूळ कायदा 1882 चा. मुंबई इलाख्यात तो 1893 पासून लागू झाला. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदवलेल्या दस्तानेच होते, हे त्यातले सूत्र आजही कायम आहे. मिळकतीतला खरेदीदाराच्या सहज लक्षात न येणारा मोठा दोष त्याला सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य ठरले. भिंत कोठून ओलावते हे लपवण्यापेक्षा सामाईक बोळावर शेजाऱ्याचा वाद चालू आहे हे लपवणे जास्त अंगलट येते. मालकी खरेदीदाराकडे गेल्यावरही किंमत येणे राहिली असेल तर त्या मिळकतीवर विकणाऱ्याचा बोजा राहतो, हे संरक्षणही याच कायद्यात आहे. मात्र पूर्ण रक्कम पोचल्याचे दस्तात आधीच लिहून टाकले, की बाकी असल्याचे सिद्ध करताना विकणाऱ्याच्या तोंडाला फेस येतो.

पांढरीवरच्या घराची अडचण निराळी होती. शेताला सातबारा असतो. जिथे नगर भूमापन झाले नव्हते, तिथे गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचा उतारा एवढाच कागद असे. हा उतारा कर कोणाकडून घ्यायचा ते सांगतो, मालक कोण ते ठरवत नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या तोच मालकीचा पुरावा समजून घरे विकली गेली. नगर भूमापनात मिळकत पत्रिका तयार होते, तेव्हा क्षेत्र, हद्द आणि वहिवाट प्रथमच एका जागी येतात, आणि पूर्वीच्या खरेदीखतातल्या चतु:सीमा जागेवर जुळत नाहीत हेही तेव्हाच कळते. खेड्यांतल्या गावठाणांसाठी 2020 मध्ये सुरू झालेली स्वामित्व योजना ड्रोनने हेच काम करते.

वारसांच्या नोंदीचा प्रश्न तर प्रत्येक वाड्यात आहे. कराड-पाटण भागातली असंख्य माणसे गिरणीत, गोदीत, माथाडी कामात मुंबईला गेली आणि घर गावातल्या भावाच्या नावे राहिले, किंवा मेलेल्या आजोबांच्याच नावे. गावातला भाऊ ते आपले समजून विकी. पंधरा-वीस वर्षांनी मुंबईचा पुतण्या दावा लावी. बहिणींची तर सहीच घेत नसत. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला, महाराष्ट्राने 1994 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत अविवाहित मुलींना सहदायाद केले, आणि 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्न झालेल्या मुलींनाही तो हक्क मिळाला. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी मुलीचा हा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या विक्रीला त्याने धक्का लागत नाही. बहिणीचा हक्क ‘चोळीबांगडीत’ फिटला, हे गावचे उत्तर दिवाणी न्यायालयात चालत नाही. हक्कसोड द्यायची तर तीही नोंदवलेल्या दस्ताने.

मलकापूर वाढले ते महामार्गामुळे आणि कृष्णा रुग्णालयाच्या आसऱ्याने. तिथले वैद्यकीय महाविद्यालय 1984 चे. डॉक्टर, विद्यार्थी, नोकरदार यांच्यासाठी आगाशिव डोंगराच्या पायथ्याकडची शेती गुंठ्या-दोन गुंठ्यांनी विकली जाऊ लागली. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. एक बैठे घर आणि पुढे तुळस, एवढे त्यात बसते. पण 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या विक्रीला मनाई केली होती आणि 1966 च्या जमीन महसूल संहितेने बिगरशेती परवानगी सांगितली होती. यावर तोड म्हणून सामाईक सातबाऱ्यावर नाव लावणे, कुलमुखत्यारपत्र करून देणे, नोटरीपुढे करार करणे हे मार्ग निघाले. असे घर पुन्हा विकायची वेळ आली की विकणाऱ्याला कळे, की घर त्याचे आहे, पण खालची जमीन कागदावर अजून दहा जणांची आहे. नागरी भागांतली अशी बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी कायदा केला. केवळ कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बजावले.

पैशाच्या बाबतीत जुनी रीत अशी होती : इसार रोखीने, दस्तात किंमत कमी, उरलेली रक्कम हातोहात. मुद्रांक वाचे तो खरेदीदाराचा. धोका मात्र दोघांचा. 2003 पासून आयकरासाठी मुद्रांकाचे मूल्यांकन हीच विक्रीची किंमत धरण्याचा नियम आला, थोड्या फरकाची सूट पुढे मिळाली. जून 2015 पासून स्थावराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास मनाई झाली, आणि दंड बसतो तो घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेएवढा. साठेखत करून किल्ली आधी देण्याची सवयही अशीच घातक. लेखी कराराच्या आधारे ताबा घेतलेल्या खरेदीदाराला 1929 पासून संरक्षण आहे. 2001 पासून त्यासाठी करार नोंदवलेला असावा लागतो.

मलकापूरची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आणि मग नगरपरिषद आली, तसा घरविक्रीचा शेवटचा टप्पाही लांबला. शहराने चोवीस तास मीटरने पाणी देण्याची योजना राबवली, त्यामुळे प्रत्येक घरामागे स्वतंत्र पाणी जोडणीचे खाते आले. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचा फेरफार, घरपट्टीचे आकारणी रजिस्टर, वीज आणि पाणी यांची नावे वेगवेगळ्या कार्यालयांत स्वतंत्रपणे बदलतात. दस्त झाला म्हणून विकणारा निघून गेला, तर नव्या मालकाच्या थकबाकीची नोटीस जुन्याच्या नावाने निघत राहते.