प्रवाळ, खोल समुद्रातील : अभिज्ञान व वर्गीकरण

सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या थंड पाण्यात, बहुधा २०० मी.पेक्षा अधिक खोलीवर आढळणारे प्रवाळ. उष्ण कटिबंधातील भित्तिनिर्मात्या प्रवाळांच्या ऊतकांत सहजीवी शैवले असतात. तशी यांत नसतात व पाण्याबरोबर वाहत येणारे सूक्ष्म जीव आणि जैव कण यांवर यांचे पोषण होते. यांच्या जाती ओळखण्याचा इतिहास म्हणजे मुख्यत्वे सांगाड्यावर कितपत विसंबावे, या वादाचा इतिहास होय.

प्रवाळ प्राणी आहे, हेच मुळात उशिरा मान्य झाले. तांबड्या प्रवाळाची तथाकथित फुले प्राणीच होत, हे मार्सेचे वैद्य झां आंद्रे पेसोनेल (१६९४–१७५९) यांचे मत पॅरिसच्या विज्ञान अकादमीत प्रथम नाकारले गेले. लिनीअस यांनी १७५८ मध्ये नॉर्वेकडील एका पांढऱ्या प्रवाळाला मॅड्रेपोरा पर्ट्युजा हे नाव दिले. सु. ५५० मी.च्या खाली जीवसृष्टी नसावी, असा एडवर्ड फोर्ब्झ यांचा तर्क पुढे रूढ झाला. सार्डिनिया व अल्जीरिया यांमधील तारायंत्राची तुटलेली केबल १८६० च्या सुमारास दोन हजार मी.हून अधिक खोलीवरून वर काढली, तेव्हा तिला प्रवाळ चिकटलेले होते. आल्फाँस मिल्न-एडवर्ड्‌स यांनी १८६१ मध्ये त्यांचे परीक्षण केले. जाळ्यात सापडलेला प्राणी वाटेत अडकला, असे म्हणता येई. केबलवरच वाढलेल्या प्रवाळाबद्दल ते म्हणता येईना.

‘चॅलेंजर’ मोहिमेत (१८७२–७६) हेन्री मोझली यांनी मृदू भागांचेही विच्छेदन केले. दगडी प्रवाळांसारखा सांगाडा असलेले स्टायलास्टर गटाचे प्राणी वस्तुतः हायड्रोझोआ वर्गातील आहेत, हे त्यामुळे सिद्ध झाले. हिंदी महासागरात ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजाने गोळा केलेल्या खोल पाण्यातील दगडी प्रवाळांचे वर्णन कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे आल्फ्रेड ॲल्कॉक यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केले.

दगडी प्रवाळाची जाती पेल्यासारख्या कोटरातील उभ्या पडद्यांची संख्या व मांडणी यांवरून ठरवितात. अष्टभुज प्रवाळांत ऊतके विरघळवून उरलेल्या सूक्ष्म कंटिकांचे आकार पाहावे लागतात. तथापि प्रवाहाच्या वेगानुसार एकाच जातीची ठेवण बदलते. डीएनए परीक्षणानेही प्रश्न सहज सुटला नाही. कारण इतर प्राण्यांत जाती ओळखण्यास उपयोगी पडणारा तंतुकणिकांतील डीएनए प्रवाळांत फार सावकाश बदलतो. केंद्रकीय डीएनएचीही जोड घेतल्यावर चित्र पालटले. लिनीअस यांची वरील जाती दीर्घकाळ लोफेलिया या वंशात होती. २०१६ मध्ये ती डेस्मोफायलम वंशात घालण्यात आली. म्हणजे झुडपासारख्या वसाहती करणारा हा प्रवाळ एकेकट्या वाढणाऱ्या प्रवाळाचा निकटचा आप्त ठरला. अष्टभुज प्रवाळांच्या गणांची मांडणीही २०२२ मध्ये नव्याने झाली.

नॉर्वेतील या प्रवाळभित्तींपैकी ३० ते ५० टक्के ट्रॉल जाळ्यांनी बाधित झाल्याचा अंदाज २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा ठिकाणी वर्णनापूर्वीच जाती नष्ट होण्याचा धोका असतो. दूरनियंत्रित पाणबुड्यांनी घेतलेली छायाचित्रे विपुल असली, तरी त्यांत पडदे वा कंटिका दिसत नाहीत. म्हणून नव्या जातीसाठी प्रत्यक्ष नमुना संग्रहालयात जतन करण्यावर वर्गीकरणतज्ञांचा भर असतो.