साठी, बुद्धी आणि सोबत

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घरांतून इतक्या सहजपणे वापरली जाते, की तिच्यात एक निदान दडलेले आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. वय झाले की स्मरण जायचेच, त्याला इलाज नाही, असा तिचा निवाडा आहे. घरातील वृद्ध माणूस तोच प्रश्न चौथ्यांदा विचारतो, नातवाचे नाव विसरतो, पायाखालच्या वाटेवर चुकतो. आणि म्हण उच्चारून आपण मोकळे होतो. हा निवाडा तपासून पाहण्यास वैद्यकशास्त्राला जवळजवळ एक शतक लागले. त्या शतकाची आणि आपल्याच मुलखातील काही गोष्टींची ही हकिकत आहे.

वृद्धांच्या सेवेचा ख्रिस्ती इतिहास जुना आहे. फ्रान्समधील सें-सेर्व्हाँ या गावी 1839 च्या हिवाळ्यात जान जुगाँ या कष्टकरी स्त्रीने एका अंध, निराधार वृद्धेला आपल्या घरी आणले आणि स्वतःची खाट तिला दिली. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. 1882 साली या भगिनी कलकत्त्यास आल्या. 2009 साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जान जुगाँ यांना संतपद बहाल केले. छप्पर, अन्न आणि स्वच्छ बिछाना ही वृद्धांची पहिली गरज या परंपरेने ओळखली. परंतु पोट भरलेला, छपराखाली असलेला माणूसही एकटा असू शकतो, आणि त्या एकटेपणाचा बुद्धीवर परिणाम होतो, ही जाण शास्त्राला पुष्कळ उशिरा आली.

1906 च्या नोव्हेंबरात जर्मनीतील ट्युबिंगेन येथे डॉ. आलोइस अल्झायमर यांनी एका रुग्णेची हकिकत मांडली. पन्नाशीच्या सुरुवातीसच तिची स्मृती ढासळू लागली होती. मृत्यूनंतर तिच्या मेंदूत त्यांना पेशींमधील गुंते आणि पेशींबाहेर साचलेले थर आढळले. 1910 साली या विकाराला त्यांचे नाव मिळाले. मात्र रुग्णा वयाने लहान असल्याने हा अकाली जडणारा दुर्मीळ रोग मानला गेला, आणि म्हाताऱ्यांचे विसरणे ‘वयोमानाप्रमाणे’ या सदरातच राहिले. वृद्धांचा स्मृतिभ्रंशही बहुतेक वेळा तोच रोग असतो, हे 1970 नंतरच्या दशकांत सर्वमान्य होत गेले. भारतात या रुग्णांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी काम करणारी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी’ केरळात स्थापन झाली ती 1992 साली.

पुढचा मोठा धडा मिळाला तो एका मठात. 1986 साली अमेरिकेतील संशोधक डेव्हिड स्नोडन यांनी ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नॉत्र दाम’ या संघातील वयोवृद्ध भगिनींचा अभ्यास आरंभिला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या 678 भगिनी त्यात सामील झाल्या. दरवर्षी चाचण्या देण्याचे व मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी देण्याचे त्यांनी मान्य केले. यांपैकी अनेकींनी व्रतबद्ध होण्यापूर्वी, विशीच्या सुमारास, आपले लहानसे आत्मवृत्त लिहून दिले होते. ज्यांच्या त्या लिखाणात विचारांची दाटी अधिक होती, त्यांची बुद्धी सुमारे सहा दशकांनंतरही अधिक शाबूत आढळली. आणखी एक नवल म्हणजे, सिस्टर मेरी या नावाने ज्यांचा उल्लेख होतो, त्या 101 व्या वर्षी वारल्या. त्यांच्या मेंदूत रोगाच्या खुणा भरपूर होत्या. परंतु जिवंतपणी त्यांनी चाचण्यांत उत्तम गुण मिळवले होते. चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत त्या शिकवीत होत्या. शिक्षणाने व मनाच्या व्यापाने मेंदूत जणू एक गंगाजळी साठते आणि अडचणीच्या काळी ती उपयोगी पडते, या विचाराला त्यातून बळ मिळाले.

येथे आपल्या मुलखाकडे वळले पाहिजे. कारण ही गंगाजळी साठवण्याची संधी कुणाला मिळाली, हा खरा प्रश्न आहे. भारतातील साठीपुढच्या लोकांच्या एका राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख वृद्धांना स्मृतिभ्रंश आहे. आणि स्त्रिया, खेड्यांत राहणारे व शाळेचे तोंड न पाहिलेले यांच्यात त्याचे प्रमाण अधिक आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आपल्या गावांतील आजी डोळ्यांपुढे उभी राहते.

तिला अक्षर आले नाही. परंतु तिच्याजवळ काही नव्हते असे मुळीच नाही. पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. शिरूर तालुक्यातील सविंदण्याच्या ओव्याही त्यात आहेत. हे सर्व भांडार अक्षराविना, केवळ कंठात राहिले होते. पहाटे दोघी जात्याशी बसत. एक ओवी सुरू करी, दुसरी सूर धरी. त्यात स्मरण होते, शब्दांची जुळणी होती, मनातले दुःख सांगण्यास जागा होती, आणि शेजारी माणूस होते. पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. कष्ट गेले हे चांगलेच झाले; परंतु कष्टांबरोबर सोबतही गेली, आणि तिच्या जागी काय आणावे याचा विचार कुणी केला नाही.

तो विचार ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील फांगणे या छोट्याशा गावी झाला. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि मोतीराम गणपत दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने 8 मार्च 2016 रोजी तेथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या सुमारे तीस आजी गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर पाटी घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या. आम्हालाही वाचता आले असते तर, ही त्यांचीच खंत या शाळेचे मूळ ठरली. अंगठ्याच्या जागी स्वतःची सही आली. घरी नातवंडे आजीचा अभ्यास घेऊ लागली. ही शाळा कोणत्याही औषधोपचारासाठी निघालेली नव्हती. तिने स्मृतिभ्रंश टळतो असा दावा करणे योग्य होणार नाही. परंतु घराबाहेर पडण्यास निमित्त, रोजची सोबत, नवे शिकणे आणि नातवंडांशी नवे नाते या चारही गोष्टी तिने एका छपराखाली आणल्या.

शास्त्रही आज साधारण हेच सांगते. फिनलंडमध्ये 60 ते 77 वयाच्या 1260 लोकांवर दोन वर्षे झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2015 साली आले. आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाबादींवर देखरेख यांची एकत्र जोड दिलेल्या गटाची बौद्धिक चाचण्यांतील प्रगती अधिक झाली. 2024 साली ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ मंडळाने चौदा कारणे सांगितली, ती सारी दूर करता आली तर स्मृतिभ्रंशाचे जवळपास निम्मे रुग्ण टळू वा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत अल्पशिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, ऐकू न येणे, दृष्टी मंदावणे व एकटेपणा यांचा समावेश आहे.

शिरूर तालुक्यातील कारेगावाचा विचार करा. रांजणगावची औद्योगिक वसाहत आली आणि शेतीचे हे गाव कारखान्यांच्या शेजाराने फुगले. मराठवाड्यातून, विदर्भातून, परराज्यांतून कामगार आले. घराघरांत भाड्याच्या खोल्या निघाल्या. पैसा आला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मुलगा रात्रपाळीला, सून कामावर, नातू शिकवणीला. आणि ओट्यावरच्या आजोबांना रस्त्याने जाणाऱ्यांपैकी एकही चेहरा ओळखीचा नाही. कामगारांचे आईवडील तर दूर कुठल्याशा गावी फोनची वाट पाहत बसलेले. गर्दी वाढली, बोलायला माणूस राहिले नाही.

यावर उपाय करण्यास मोठा निधी लागत नाही. आठवड्यातून दोनदा दोन तास, एक खोली, एक वाचणारे मूल, आजींच्या ओव्या लिहून घेणारी एखादी तरुणी, महिन्यातून एकदा रक्तदाब, साखर, कान व डोळे यांची तपासणी, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. विसरण्याची तक्रार असेल तर डॉक्टरांना दाखवावेच. थायरॉइडचा विकार, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य यांमुळेही स्मरण मंदावते, आणि त्यांवर उपचार आहेत. ज्येष्ठांसाठी 14567 हा साहाय्य क्रमांकही उपलब्ध आहे.

पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांसाठी व वृद्धांसाठी राखून दिला. त्या दिवशी वृद्धांना फूल व मिठाई देऊन घरी पोहोचवण्याचा प्रघात पडण्याचा धोका आहे. त्याऐवजी त्या रविवारी आपल्या धर्मग्रामातील घरी बसून असलेल्या प्रत्येक वृद्धाचे नाव लिहून काढावे, आणि त्यापुढे त्याच्याकडे दर आठवड्याला कोण जाणार, हेही लिहावे. एवढी वही झाली, तर आरंभ झाला असे समजावे.