रुळाचे तीन भाग कोणते? माथा, मधली पट्टी आणि तळ यांचं काम काय, जाणून घ्या

उमरखेड : वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गामुळे पुसद, उमरखेड, हदगाव या पट्ट्यात रेल्वेचा विषय घराघरात आहे. या मार्गातल्या वर्धा ते कळंब टप्प्याचं उद्घाटन 28 फेब्रुवारी 2024 रोजी झालं. जिल्ह्याला याआधी माहीत होती ती यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला. तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट होतं. ब्रॉडगेजला ते साडेपाच फूट, म्हणजे 1676 मिलिमीटर असतं.

लांबून रूळ म्हणजे लोखंडी पट्टी वाटते. जवळून पाहिलं तर त्याचे तीन भाग दिसतात. सध्या मुख्य मार्गांवर 60 किलोचा रूळ वापरतात. म्हणजे त्याच्या फक्त एक मीटर तुकड्याचं वजन सिमेंटच्या पोत्यापेक्षा जास्त भरतं. त्याची उंची सुमारे 17 सेंटीमीटर असते.

माथा : सगळ्यात वरचा जाड भाग, रुंदी सुमारे 7 सेंटीमीटर. चाक यावरूनच धावतं. मालगाडीच्या एका चाकाचा दहा-बारा टन भार माथ्यावर जेमतेम नखाएवढ्या जागेवर येतो. चाकाची आतली कड गाडीला रुळावर धरून ठेवते, म्हणून वळणावर बाहेरच्या रुळाच्या माथ्याची आतली बाजू जास्त झिजते. झीज सोसायची असल्यामुळेच माथा जाड ठेवलेला असतो.

मधली पट्टी : माथा आणि तळ यांना जोडणारा उभा, बारीक भाग. जाडी दोन सेंटीमीटरपेक्षाही कमी. पण उभी असल्यामुळे ती रुळाला वाकू देत नाही. घराच्या स्लॅबखाली लोखंडी गर्डर आडवा न ठेवता उभा ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. रूळ कोणत्या कारखान्यात आणि कधी तयार झाला, तेही याच पट्टीवर उठवलेलं असतं. जोडाच्या ठिकाणी फिशप्लेटचे बोल्ट याच पट्टीतून जातात.

तळ : खालचा पसरट भाग, रुंदी 15 सेंटीमीटर. वरचा भार तो स्लीपरवर पसरवतो. लोखंडी क्लिपा तळाच्या कडेला दाबून धरतात. तळाखाली रबरी पॅड असतो, तो हादरे कमी करतो. स्लीपरखालची गिट्टी भार जमिनीवर वाटते आणि पावसाचं पाणी निथळू देते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे अशा जमिनीवर भराव घालताना वरचे थर चांगल्या मुरुमाचे आणि नीट दाबलेले असावे लागतात.

ऊन-थंडीचा परिणाम

तापमान 40 अंशांनी वाढलं तर 13 मीटरचा रूळ सुमारे 6 मिलिमीटर वाढतो. म्हणून जुन्या मार्गांवर जोडात फट ठेवत. 'खडखड' आवाज त्याच फटीचा. आता रूळ वितळजोडाने लांबच लांब जोडतात आणि क्लिपा, स्लीपर, गिट्टी मिळून त्याला जागेवर आवळून धरतात. पकड सैल झाली तर उन्हाळ्यात रूळ वाकडा होऊ शकतो, थंडीत ताणाने तडकू शकतो.

गावकऱ्यांनी हे लक्षात ठेवावं

एक क्लिप काढली किंवा गिट्टी उचलून नेली तरी ही पकड कमी होते. रेल्वेचं सामान चोरलेलं सापडलं तर 1966 च्या कायद्याने पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रुळावर बसणं, परवानगीशिवाय रुळात शिरणं हाही गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. वेगातली गाडी ब्रेक लावल्यावरही कित्येक शे मीटर पुढे जाते, त्यामुळे गुरं रुळाकडे सोडू नका.

रुळाला तडा दिसला, माथ्याचा तुकडा निघालेला असला किंवा गिट्टी वाहून गेलेली दिसली, तर हात लावू नका. जवळच्या स्टेशनला, फाटकावरच्या माणसाला किंवा 139 या क्रमांकावर लगेच कळवा. जवळच्या खांबावरचा किलोमीटर क्रमांक सांगितला तर जागा पटकन सापडते. गाडी येत असेल तर रुळापासून बाजूला उभं राहून लाल कपडा जोरात हलवा. कपडा नसेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच धरा. चालकासाठी तो थांबण्याचा इशारा असतो.