डिचोलीचा खाणउद्योग आणि नदीकाठचा वारसा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

इंग्लंडमधील सेव्हर्न नदीवर १७७९ मध्ये ओतीव लोखंडाचा पूल उभारला गेला. कालांतराने तेथील भट्ट्या थंडावल्या; परंतु पूल, भट्ट्या, कामगारांची घरे आणि नदीकाठ यांचे एकत्रित जतन करण्यात आले. १९८६ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. गोव्यातील डिचोली तालुकाही लोहखनिज आणि नदी या दोहोंनी घडविला आहे. तेथील नदीकाठी असे वारसा-उद्यान व्हावयाचे असेल, तर त्यात कोणाचा इतिहास सांगितला जावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी व पेडणे हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले आणि ‘नव्या काबिजादी’त समाविष्ट झाले. डिचोलीच्या टेकडीवरील नमाजगाह ही त्यापूर्वीची खूण होय. औरंगजेबाचा पुत्र शहजादा अकबर याने सतराव्या शतकात ती वास्तू बांधली, असे मानले जाते. शेती, बागायती आणि कुंभारकाम ही या भागाची जुनी उपजीविकेची साधने होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. जपानच्या पोलाद कारखान्यांना खनिजाची गरज भासू लागली आणि १९५० च्या दशकाच्या प्रारंभी शिरगावच्या खाणीत जपानी सहकार्याने यंत्रे आली. पोर्तुगीज राजवटीने दिलेल्या खाण-सवलतींचे रूपांतर भारतीय संसदेने १९८७ च्या कायद्याने खाणपट्ट्यांत केले.

नदी हाच राजमार्ग

खाण डोंगरात असली, तरी धंदा नदीवर उभा होता. गोव्याचे खनिज तुलनेने कमी प्रतीचे. ते जागतिक बाजारात टिकले, याचे एक मोठे कारण स्वस्त जलवाहतूक हे होते. प्रारंभी स्त्री-पुरुष मजूर डोक्यावरील पाट्यांनी खनिज होड्यांत भरीत. पुढे ट्रक, सरकते पट्टे आणि बार्जेस आली. पिळगावजवळील सारमानस, तसेच आमोणे अशा धक्क्यांवर भरलेली बार्जेस मांडवीतून पणजीवरून मुरगाव बंदराकडे जात. पावसाळ्यात आग्वादजवळ समुद्र खवळला की ती कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरत. मुरगावला १९७९ मध्ये खनिज हाताळणीची यांत्रिक व्यवस्था कार्यान्वित झाली. बार्जवरील खलाशी, धक्क्यावरील मजूर, ट्रकचालक आणि गॅरेजमधील मिस्त्री अशा अनेकांचे संसार या एका साखळीवर चालत.

विकासाची दुसरी बाजू

या समृद्धीची किंमतही मोठी होती. एक टन खनिज मिळविण्यासाठी साधारणतः अडीच ते तीन टन माती व दगड बाजूला टाकावे लागत. पावसाळ्यात ती माती ओहोळांत, शेतांत आणि नदीत उतरे. खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या, तेव्हा त्यांतील पाणी सतत उपसावे लागले. शिरगावच्या विहिरींचा आणि शेतीचा प्रश्न तर न्यायालयापर्यंत पोहोचला. ज्या घरातील मुलगा खाणीवर कामाला होता, त्याच घराची विहीर आटत होती, हे या इतिहासातील खरे शल्य होय.

शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने, तर ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने ही बंदी उठवून उत्खननावर वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घातली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबले. ट्रक व बार्ज यांवर अवलंबून असणाऱ्या कुटुंबांवर संकट ओढवले. पुढे २०२२ मध्ये लिलाव झाला व २०२४ मध्ये डिचोली गटातील उत्खनन सुरू झाले. म्हणजेच येथील औद्योगिक भूतकाळ अद्याप पुरता भूतकाळ झालेला नाही.

समारोप

साखळी येथील खनिज संपलेल्या खाणीवर वृक्षलागवड झाली, खाणीच्या खड्ड्यात मत्स्यपालनाचे प्रयोग झाले, त्या परिसरात फुटबॉल अकादमी व तांत्रिक शाळा उभ्या राहिल्या. हे कार्य निश्चितच मोलाचे आहे. तथापि, जमीन हिरवी करणे आणि इतिहास जतन करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. झाडे वाढली की खड्डा झाकला जातो. त्याबरोबर तेथे राबलेल्यांच्या आठवणीही झाकल्या जाऊ नयेत.

वारसा-जतनाची आपली दृष्टी आजवर प्रामुख्याने मंदिरे, किल्ले, गुंफा, नमाजगाह यांच्यापुरती राहिली. विसाव्या शतकातील धक्के आणि बार्जेस यांचाही त्यात समावेश व्हावयास हवा. नदीकाठी एखादे बार्ज जतन केले, तर त्याच्या शेजारी पाटी वाहणाऱ्या स्त्रियांची माहिती, खलाशांच्या मुलाखती आणि आटलेल्या विहिरींची नोंद असावी. आज वृद्धत्वाकडे झुकलेल्या कामगारांच्या आठवणी वेळीच टिपून घेतल्या नाहीत, तर उद्यान उभे राहील, पण त्यात केवळ यंत्रे असतील. खनिज कोणी काढले आणि त्याची किंमत कोणी मोजली, या दोन प्रश्नांची उत्तरे जेथे एकत्र मिळतील, तेच डिचोलीचे खरे स्मारक ठरेल.