पूर्वसेवा आणि वेतननिश्चिती (महाराष्ट्रातील शाळा)

नव्या पदावर रुजू होणाऱ्या शालेय कर्मचाऱ्याची आधीची सेवा विचारात घेऊन त्याचे प्रारंभीचे मूळ वेतन ठरविणे, यास पूर्वसेवेवर आधारित वेतननिश्चिती म्हणतात. पूर्वसेवा ग्राह्य धरली गेल्यास वेतन श्रेणीच्या किमान टप्प्याऐवजी वरच्या टप्प्यावर निश्चित होते अथवा आधीचे वेतन संरक्षित राहते. अन्यथा कर्मचारी पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि पुढे निवृत्तिवेतन हे सर्व मूळ वेतनावरच मोजले जात असल्याने आरंभीचा फरक आयुष्यभर सोबत राहतो.

कायदेशीर आधार

खाजगी शाळांना महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ची नियमावली लागू आहे. शिक्षक तसेच लिपिक, प्रयोगशाळा सहायक, शिपाई आदी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणी नियमावलीच्या अनुसूची ‘क’मध्ये दिलेल्या आहेत, वेतन आयोगांनंतर शासन निर्णयांद्वारे त्या सुधारल्या जातात. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणी १ जानेवारी २०१६पासून लागू झाल्या. वेतननिश्चितीचे प्रकरण शाळेकडून शिक्षण विभागाकडे जाते आणि तिची पडताळणी लेखाधिकारी (शिक्षण) करतात.

कोणती सेवा ग्राह्य

एका अनुदानित शाळेतील मान्यताप्राप्त पदावरून परवानगीने, सेवेत खंड न पडता दुसऱ्या अनुदानित शाळेत गेल्यास सर्वसाधारणपणे वेतनसंरक्षण मिळते. पटसंख्या घटून अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचे अन्यत्र समायोजन होते तेव्हाही त्याचे वेतन कमी होत नाही. तासिका तत्त्वावर किंवा वैयक्तिक मान्यतेविना केलेले काम मात्र कितीही वर्षांचे असले तरी वेतनवाढीच्या हिशेबात सहसा येत नाही. वर्गात उभे राहून शिकविण्यात दोहोंमध्ये कसलाच फरक नसतो. फरक मान्यतेच्या कागदाचा असतो.

पूर्वसेवा आणि सेवाज्येष्ठता या दोन स्वतंत्र बाबी आहेत. जिल्हा परिषदेचा शिक्षक आंतरजिल्हा बदलीने आला तर त्याचे वेतन कायम राहते, परंतु नव्या जिल्ह्यात ज्येष्ठतेच्या यादीत तो शेवटी जातो.

शिक्षण सेवक कालावधी

२०००पासून राज्यात शिक्षण सेवक योजना सुरू झाली. नवनियुक्त शिक्षकाने पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी मानधनावर काम करावे, असे तिचे स्वरूप आहे. आरंभी प्राथमिकसाठी ३,००० आणि माध्यमिकसाठी ४,००० रुपये असलेले मानधन १ जानेवारी २०२३पासून अनुक्रमे १६,००० व १८,००० रुपये, तर उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये करण्यात आले. ही तीन वर्षे वार्षिक वेतनवाढीसाठी मोजली जात नाहीत. परिणामी चौथ्या वर्षी प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचे मूळ वेतन एस-१४ श्रेणीच्या किमान टप्प्यावर, म्हणजे ३८,६०० रुपयांवर निश्चित होते. तीन वार्षिक वाढी धरल्या असत्या तर ते ३९,८०० आणि ४१,००० या टप्प्यांवरून ४२,२०० रुपयांपर्यंत गेले असते. महिन्याचा हा ३,६०० रुपयांचा फरक पुढील प्रत्येक वेतनवाढीत थोडा थोडा वाढत जातो.

विनाअनुदानित सेवा

राज्यातील अनेक शाळांना अनुदान २०, ४०, ६० अशा टक्क्यांच्या टप्प्यांनी मिळाले. निवृत्तिवेतनाच्या संदर्भात ही बाब निर्णायक ठरली: १ नोव्हेंबर २००५पूर्वी नियुक्त झालेल्या, पण त्या दिवशी शंभर टक्के अनुदान नसलेल्या शाळांतील शिक्षकांना शासनाने जुन्या निवृत्तिवेतन योजनेबाहेर ठेवले. नियुक्तीचा दिनांक महत्त्वाचा की अनुदानाचा, हा वाद त्यातूनच उभा राहिला.

ठाणे जिल्ह्यातील स्थिती

कोपर हे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील आणि त्यावरून जाणाऱ्या वसई–दिवा मार्गावरील असे दुहेरी स्थानक आहे. येथून डोंबिवली, ठाणे, भिवंडी, पनवेल अशा सर्व दिशांना नोकरीसाठी जाता येते. जिल्हा परिषद, १९८३मध्ये स्थापन झालेली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका, खाजगी अनुदानित संस्था आणि स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा येथे शेजारी शेजारी आहेत. स्टेशन तेच राहते, नियोक्ता बदलतो आणि त्याबरोबर सेवापुस्तकही. म्हणून कार्यमुक्तीचा आदेश, वैयक्तिक मान्यतेचे पत्र आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र जपून ठेवणे अगत्याचे असते. तीस वर्षांनंतर निवृत्तिवेतन प्रकरण तयार होताना नेमके हेच कागद मागितले जातात, आणि तोवर जुन्या शाळेतील लिपिकही निवृत्त झालेला असतो.

तंटे आणि वसुली

१९७७च्या अधिनियमाच्या कलम ९नुसार शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते ते बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती आणि पदोन्नतीत डावलणे या कारणांसाठी. निव्वळ वेतननिश्चितीचा तंटा त्यात बसत नाही. त्यासाठी शिक्षण विभागाकडे निवेदन आणि अखेरीस उच्च न्यायालयात रिट याचिका हा मार्ग उरतो. चुकून अधिक दिलेल्या वेतनाच्या वसुलीबाबत सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह (२०१४) या प्रकरणात मर्यादा घातल्या. तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी यांच्याकडून, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ दिल्या गेलेल्या जादा रकमेची वसुली करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे.

अन्य देशांत

अमेरिकेत शिक्षकांना अनुभवाच्या वर्षांनुसार पायऱ्या देणारी एकसमान वेतनश्रेणी १९२१च्या सुमारास डेन्व्हर आणि दे मॉइन येथे सुरू झाली. बाहेरील अनुभवाची किती वर्षे मोजायची हे तेथे प्रत्येक शालेय जिल्हा ठरवितो. इंग्लंडमध्ये नव्या शाळेने शिक्षकाचे आधीचे वेतन कायम ठेवण्याची सक्ती २०१३मध्ये काढून टाकण्यात आली.