मूठभर धान्याचे हायस्कूल

आपल्या चांद्याच्या ज्युबिली हायस्कुलासारख्या सार्वजनिक शाळेसाठी वर्गणीची गोष्ट निघाली, की आमची नजर लाकडाच्या ठेकेदाराकडे नाही तर धानाच्या गिरणीवाल्याकडे वळते. नावाची पाटी मागणारे दाते नकोत असे नाही. इमारती त्यांच्यावाचून उठत नाहीत. पण साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी दुसराच दाता शोधला.

१९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रही दिले. एका घरचे सोने किती दिवस पुरणार? संस्थेला तारले ते मुष्टिफंडाने. घरोघरच्या बायकांनी रोज मूठभर धान्य बाजूला काढायचे, एवढाच त्याचा नियम. जेथे रुपया नव्हता, तेथेही मूठ होती. आणि मूठ देणारी बाई शाळेला ‘आमची’ म्हणू लागे.

१९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. नाव राजाचे, मुले मात्र रयतेची. १९४८ साली सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. भाऊराव पुन्हा लोकांच्या दारी गेले. अनुदान पुढे सुरू झाले. तोवरचे दिवस लोकांच्या मदतीवर निघाले.